चौथ्या प्रकरणातली एक गोष्ट

मंगळवारी दुपारी सरांचा फोन आला तेव्हा मी दादरला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या करत होते. सर फोनवर फार बोलत नसत. म्हणाले, "चौथं प्रकरण वाचलं."

"कसं वाटलं, सर?"

"एक गोष्ट आहे." मग म्हणाले, "फोनवर नको. गुरुवारी ये, कागद समोर घेऊन बसू."

"मोठी आहे का?"

"ये तर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी सकाळी दाढी करता करता ते बेसिनसमोर खाली बसले. पाय घसरला असेल असं त्यांच्या पत्नीला, काकूंना, वाटलं. उठवायला गेल्या तर उजवा हात लोंबकळत होता आणि तोंडातून शब्द येत नव्हता. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून दोन जिने उतरवलं आणि गिरगावातल्याच एका इस्पितळात नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती.

गुरुवारी मी गेले ती इस्पितळातच. पिशवीत चौथ्या प्रकरणाची प्रत होती. घरून निघताना ती काढून ठेवायचं मला सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सुचलं होतं. पण ते भेटतील, शुद्धीवर असतील, आणि जाता जाता ती गोष्ट सांगतील, असं कुठेतरी वाटत होतं. आयसीयूच्या बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचा हात धरला आणि मनात विचार करत राहिले, की ती एक गोष्ट काय असेल.

सर माझे एम.एस्सी.चे शिक्षक. मी लालबागची, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. त्यामुळे सर काहीही बोलले की मी शब्दन् शब्द उतरवून घ्यायची, विनोदसुद्धा. वर्गात ते लॉजिक शिकवायचे आणि जन्म गिरगावात गेल्यामुळे उदाहरणं गिरगावचीच द्यायचे. मोडल लॉजिक आणि फर्स्ट-ऑर्डर लॉजिक यांतला फरक त्यांनी ज्या दिवशी सांगितला ते पान अजून माझ्याकडे आहे.

"समजा तुम्ही एका गल्लीत उभे आहात," ते म्हणाले, "आणि तुमच्याकडे नकाशा नाही. तुम्ही काय सांगू शकाल? एवढंच, की इथून एखादी वाट अशी आहे की तिने गेलं तर देऊळ लागतं. किंवा, इथून कुठल्याही वाटेने जा, पुढे दुकानं आहेतच. एखादी वाट, कुठलीही वाट. संपली तुमची भाषा. हे मोडल लॉजिक. आता समजा तुम्ही म्युनिसिपालिटीत टेबलाशी बसलात आणि समोर अख्खा नकाशा आहे. आता तुम्ही हव्या त्या चौकावर बोट ठेवून त्याला क्ष म्हणू शकता, दुसऱ्याला य. क्ष आणि य यांच्यात रस्ता आहे, य हा क्ष नाही, असं काहीही बोलू शकता. हे फर्स्ट-ऑर्डर."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग नकाशा असताना गल्लीत कशाला उभं राहायचं, सर?"

सर खूश झाले. "कारण नकाशावाल्याला फार बोलता येतं. त्याचं एखादं वाक्य जगातल्या कुठल्या तरी नकाशात खरं ठरू शकेल का, हे दर वेळी सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. आज नाही, कधीच नाही. चालणाऱ्याचं बोलणं तोकडं आहे, म्हणून त्याच्यासाठी तसा प्रोग्रॅम लिहिता येतो. आणि आपण कॉम्प्युटरवाले. प्रोग्रॅम चालतो म्हणजे काय, तर एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो. त्यालाही गल्लीत उभं राहूनच बघावं लागतं."

पुढे त्यांनी सांगितलं, की चालणाऱ्याचं प्रत्येक वाक्य नकाशावाल्याच्या भाषेत लिहिता येतं, पण उलट नाही. दोन गल्ल्या एकाच चौकात मिळतात हे नकाशावाला सांगेल. चालणारा एका गल्लीने गेला तर त्याला चौक दिसेल, दुसऱ्या गल्लीने गेला तरी चौक दिसेल; पण तोच चौक की हुबेहूब तसाच दुसरा, हे त्याला कधीच कळणार नाही.

पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. नोकरी सांभाळून करायची म्हणून सगळ्यांनी मला सोपा, चलतीचा विषय घे म्हणून सांगितलं. मी सरांकडे गेले. ते निवृत्त व्हायला आले होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. विषय त्या गल्ल्यांचाच होता. नकाशावाल्याचं एखादं वाक्य जर असं असेल, की चालणाऱ्याला सारख्याच वाटणाऱ्या दोन जागांमध्ये ते कधीही फरक करत नाही, तर ते वाक्य चालणाऱ्याच्या भाषेतही म्हणता येतं. हे जुनं, सिद्ध झालेलं आहे. ते एका विशिष्ट तऱ्हेच्या नकाशांपुरतं खरं राहतं का, एवढाच माझा प्रश्न. माझे नकाशे मोजता येतील एवढ्याच चौकांचे होते आणि त्यांना एक नियम होता: या चौकातून त्या चौकात आणि तिथून तिसऱ्या चौकात जाता येत असेल, तर पहिल्यातून तिसऱ्यात थेट रस्ता असलाच पाहिजे. खरं राहतं, असं मी चौथ्या प्रकरणात सिद्ध केलं होतं. सहा लेमे, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणाऱ्या सहा छोट्या सिद्धता, मिळून तेरा पानं. तीन वर्षांचं काम म्हणजे ती तेरा पानं. बाकीची प्रकरणं त्यांच्या आधारावर उभी होती.

एकवीस दिवसांनी सरांना घरी आणलं. उजवी बाजू लुळी, पण बसवलं की बसायचे. आणि एक शब्द परत आला होता. "बाजूला." पुढे "हो" आणि "नाही" हेही यायला लागले.

मी गुरुवारीच जायचे, ठरल्या वारी. पहिले दोन गुरुवार नुसती बसून आले. तिसऱ्या गुरुवारी प्रत काढली. सर चष्मा लावून खिडकीशी बसले होते. प्रत बघितल्याबरोबर ते पुढे झुकले आणि डावा हात त्यांनी कागदांवर ठेवला. मला तेवढं पुरे झालं. त्यांना आठवतंय, ती गोष्ट त्यांच्या डोक्यात आहे, फक्त ती बाहेर काढायची आहे, असं मी धरून चालले.

मी घरी बसून प्रश्न तयार केले होते. हो-नाहीने उत्तर देता येईल असे, एकातून दुसरा फुटणारे.

"सर, चूक पहिल्या तीन लेमांत आहे?"

"हो."

"म्हणजे पुढच्या तीनांत नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "हो."

"पहिल्या लेमात?"

"नाही."

"दुसऱ्या?"

"हो... नाही. बाजूला."

"बाजूला म्हणजे, सर? दुसरा लेमा बाजूला ठेवू?"

"बाजूला," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "बाजूला, बाजूला."

मी दुसरा लेमा बाजूला ठेवला. म्हणजे अक्षरशः काढून टाकला आणि तेच दुसऱ्या वाटेने सिद्ध करायला बसले. सकाळी कॉलेजला जाण्याआधी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस. तीन आठवडे गेले आणि काही जमलं नाही. मग वाटलं, बाजूला म्हणजे समासात काही लिहिलेलं असेल. काकूंना विचारलं. त्यांनी सरांच्या कपाटातून माझ्या प्रकरणाची त्यांची प्रत शोधून दिली. सर पेन्सिलने वाचायचे. दुसऱ्या पानावर एक स्पेलिंग सुधारलेलं, पाचव्यावर एक स्वल्पविराम. नवव्या पानाच्या समासात एक ठिपका. मी तो ठिपका उजेडात धरून बघितला. पेन्सिल टेकवलेली असावी, किंवा वाचता वाचता हातातून निसटून टेकली असावी. नवव्या पानावर पाचवा लेमा होता. मी पाचवा लेमा ओळीओळीने पुन्हा लिहून काढला. त्यात काही चूक नव्हती.

नंतरच्या गुरुवारी मी सगळं प्रूफ त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. प्रत्येक पायरीनंतर थांबायची.

"इथपर्यंत बरोबर, सर?"

"हो."

"हे याच्यावरून येतं?"

"हो."

तेरा पानं. दीड तास लागला. एकाही पायरीला ते नाही म्हणाले नाहीत. शेवटच्या ओळीला मी विचारलं, "म्हणजे सगळं बरोबर आहे?"

त्यांनी डाव्या हाताने कागद ढकलून दिले. ते खाली पडले, जमिनीभर झाले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी वाकून एकेक कागद गोळा केला.

याच सुमारास सरांकडे बोलणं शिकवायला एक मुलगी येऊ लागली. स्पीच थेरपिस्ट, माझ्या विद्यार्थिनी असतात त्या वयाची, हसऱ्या चेहऱ्याची. एका गुरुवारी तिची वेळ लांबली आणि मी कोपऱ्यात बसून तिचं काम बघितलं. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. तिने कंगवा दाखवला. सर म्हणाले, "बाजूला." किल्ली दाखवली. "बाजूला." पेला. सर बराच वेळ ओठ हलवत राहिले. त्यांना पेला दिसत होता, पेला माहीत होता, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हणाले, "बाजूला."

"छान," ती म्हणाली. "आता मी विचारते ते सांगा हं, काका. आत्ता रात्र आहे का?"

खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. "हो," सर म्हणाले.

"तुम्ही झोपलाय?"

"हो." आणि लगेच मान जोरात हलवली, डोळे मिटले.

ती निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. मी कोण, कशासाठी येते ते सांगितलं. हो-नाहीच्या प्रश्नांचंही सांगितलं.

"मॅडम, त्यांच्या हो-नाहीवर जाऊ नका," ती म्हणाली. "त्यांना समजतं बरंच. किती, ते आपल्याला सांगता येत नाही. पण तोंडातून कुठला शब्द निघेल यावर त्यांचा ताबा नाही. हो म्हणायचं असतं आणि नाही निघतं. नाही म्हणायचं असतं आणि हो."

"म्हणजे निम्मी उत्तरं बरोबर?"

"निम्मी की किती, तेही नाही सांगता येणार."

"आणि बाजूला?"

"तो अडकलेला शब्द आहे. असा एखादा राहतो बऱ्याच जणांचा. त्याला अर्थ नसतो."

मी मागे वळले तर काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, "दूधवाल्यालाही बाजूलाच म्हणतात ते. परवा लेकीचा फोन आला, तिलाही. मला वाटलं तुला ठाऊक असेल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी दुसऱ्या लेमावर घालवलेले तीन आठवडे मला आठवले, आणि त्याहून जास्त सरांचा लाल झालेला चेहरा आठवला.

तरीही मी थांबले नाही. हे सांगायला हवं. मी विचार केला, शब्दांवर ताबा नाही, पण बोट तर दाखवता येईल. पुढच्या गुरुवारी एकेक पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "सर, बोलू नका. जिथे चूक आहे तिथे फक्त बोट ठेवा." त्यांनी डावा हात उचलला. बोट सातव्या पानावर आलं, मग घसरत खाली पानाच्या आकड्यावर गेलं. मी पुढचं पान धरलं. पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या पानाला त्यांचं बोट उचललं गेलंच नाही. ते रडत होते. आवाज नव्हता, नुसतं तोंड वाकडं झालं होतं आणि डाव्या डोळ्यातलं पाणी गालावरून खाली येत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी चिडलेलंही फारसं बघितलं नव्हतं.

काकूंनी टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं, त्यांना पलंगावर निजवलं आणि मला गॅलरीत बोलावलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू येतेस, मला बरं वाटतं. पहिल्यासारखं आता कुणी येत नाही. पण तू गेल्यावर ते दोन दोन तास भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवत नाहीत. कागद आणू नकोस आता."

"काकू, मी त्यांच्यासाठीच..." एवढं म्हणून मी कठड्याशी वळले. खाली रस्त्यावर कुणाचा तरी टेम्पो अडकला होता आणि माणसं हात करून त्याला मागे घेत होती. मी ते बघत राहिले. सरांसाठी मी काहीच आणत नव्हते.

त्यानंतर कागद नेले नाहीत. गुरुवारी जायचे, पण काय बोलावं ते कळायचं नाही. कॉलेजातल्या गोष्टी सांगायची. सर कधी माझ्याकडे बघायचे, कधी माझ्या पिशवीकडे. पिशवीकडे बघताना त्यांना काय वाटत असेल, हे मी स्वतःला विचारायचं टाळायची.

आई फोनवर दर वेळी एकच विचारायची. "तुझे सर बोलाक लागले काय गो?"

"नाही गं आई."

"लागतले हां," ती म्हणायची. तिचं लागतले म्हणजे लागतीलच की लागूही शकतात, हे मी कधी विचारलं नाही. तिला तरी कुठे माहीत होतं.

वर्ष सरलं तेव्हा विद्यापीठातून पत्र आलं, की तुमचे मार्गदर्शक काम करू शकत नसल्याने तुम्हाला दुसरे मार्गदर्शक दिले आहेत. हे नवे गृहस्थ सज्जन होते, कामात बुडालेले होते. त्यांचा विषय वेगळा, पण जवळचा. त्यांनी सगळा प्रबंध वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे. सबमिट करा. उगाच थांबू नका."

"चौथ्या प्रकरणात सरांना काहीतरी दिसलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"ते सांगायच्या आधीच त्यांना झटका आला."

त्यांनी चौथं प्रकरण पुन्हा मागून घेतलं. पंधरा दिवसांनी म्हणाले, "मी प्रत्येक लेमा तपासला. मला तर सगळे बरोबर वाटतात. कदाचित त्यांना मांडणीबद्दल काही म्हणायचं असेल. किंवा कौतुकही असेल."

कौतुक असेल हे मला सुचलंच नव्हतं. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, "एक गोष्ट आहे, असं कुणी कौतुकाला म्हणतं का?"

तो वरण वाढून घेत होता. "म्हणू शकतं. तू किती दिवस थांबणार आहेस? दोन वर्षं? त्यांना तर आता सांगता येणार नाही ना."

"नाही."

"मग देऊन टाक."

मी देऊन टाकला. सगळे मला बरोबर म्हणत होते, पायऱ्या बरोबर होत्या, आणि मी थकले होते. पण सह्या करताना मला पक्कं ठाऊक होतं, की आत कुठेतरी काहीतरी आहे. सरांच्या आवाजात कौतुक नव्हतं. इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता, एवढं मला कळत होतं.

आठ महिन्यांनी परीक्षकांचे अहवाल आले. एकाने पास केलं होतं. दुसऱ्याच्या अहवालात दोन पानं स्तुती आणि मग तीन ओळी. दुसऱ्या लेमात तुम्ही नकाशा तोडून पुन्हा जोडता आणि नियम मोडू नये म्हणून नवे थेट रस्ते घालता. सहाव्या लेमात तुम्ही दूरच्या जागा एकमेकींवर परिणाम करत नाहीत असं धरता. पण थेट रस्ते घातल्यावर दूर काही उरतच नाही.

मी स्टाफरूममध्ये ते वाचलं. एकदाच वाचलं. समजायला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. दुसरा लेमा बरोबर होता. सहावाही बरोबर होता, पण दुसऱ्यातून बाहेर पडलेल्या नकाशाला तो लावताच येत नव्हता. मी सरांना पायरीपायरीने विचारत गेले होते, नव्या मार्गदर्शकांनी लेमा-लेमा तपासला होता, आणि दोन लेमे शेजारी ठेवून कुणीच बघितलं नव्हतं. एका मुलाने येऊन विचारलं, "मॅडम, लॅब उघडणार का?" मी किल्ली काढून त्याला दिली.

दुरुस्तीला सहा महिने मिळाले. पहिले तीन महिने मी प्रूफ वाचवायचा प्रयत्न केला. थेट रस्ते न घालता जोडून बघितलं, निराळ्या जागी तोडून बघितलं. एक दिवस वाटायचं जमलं, दुसऱ्या दिवशी तेच भोक नव्या जागी दिसायचं. प्रमेय खोटं आहे असंही दाखवता येईना. ते खरं की खोटं, हे मला आजही माहीत नाही. शेवटी मी प्रमेयाचा पसारा कमी केला. ज्या नकाशांमध्ये कुठलीही वाट ठरावीक पावलांच्या आत संपते आणि फिरून त्याच चौकात येत नाही, तेवढ्यांपुरतं ते खरं आहे, असं लिहिलं. ते सोपं आहे. एखादा हुशार एम.एस्सी.चा विद्यार्थी आठवड्यात करेल.

अहवाल आल्यावर दोन गुरुवार मी सरांना काही सांगितलं नाही. तिसऱ्या गुरुवारी काकूंना विचारलं, "चूक सापडली. त्यांना सांगू का?"

काकू गहू निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "मला नाही सांगता येत. त्यांना बरं वाटेल की त्रास होईल, मला काही कळत नाही. आता दोन वर्षं होतील, मला त्यांचं काहीच कळत नाही." मग म्हणाल्या, "सांग. कागद नको. तोंडी सांग."

थेरपिस्टने आणलेली पाटी होती. मी तिच्यावर नकाशा म्हणून एक उलटं झाड काढलं, वर मूळ आणि खाली फांद्या. फांदीच्या टोकापासून खाली आणखी एक झाड जोडलं. "सर, हे मी जोडलं. आणि मग नियमासाठी हा थेट रस्ता." मी मुळापासून थेट खालच्या टोकापर्यंत रेघ ओढली. "आता हे दूर राहिलं नाही. आणि सहाव्या लेमात मी ते दूर धरलं. हेच होतं का?"

सर पाटीकडे बघत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या हाताला रग लागली एवढं आठवतं. मग त्यांनी डावा हात पुढे केला. मी खडू दिला. त्यांनी पाटीवर खडू टेकवला आणि एक रेघ ओढली. ती माझ्या रेघेच्या जवळून सुरू झाली, वाकडी होत झाडाच्या बाहेर गेली आणि पाटीच्या चौकटीवर आपटून थांबली. मी त्या रेघेत काहीतरी वाचायचा प्रयत्न केला. आणखी एक रस्ता? माझी रेघ खोडायची होती? की आणखी एक चूक होती, जी परीक्षकालाही दिसली नव्हती?

"हेच होतं का, सर?"

"हो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "नाही."

त्यांचा चेहरा शांत होता. ते रडले नाहीत, चिडले नाहीत. काकू दारात उभ्या राहून दोघांकडे बघत होत्या. मी पाटी पुसली नाही. ती भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या गुरुवारी बघितलं तर थेरपिस्टने तिच्यावर मोठ्या अक्षरात क, ख, ग लिहिलं होतं.

डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत कुणी अडचणीचं विचारलं नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर दोन मार्गदर्शकांची नावं आहेत, त्यातलं एक काढून टाकायला विद्यापीठाच्या कारकुनाने सुचवलं होतं. मी अर्ज करून ते ठेवून घेतलं. त्या पानापलीकडे मला सरांसाठी काही करता आलं नाही.

गुरुवारी मी अजून जाते. आता माझा एक उपयोग आहे, हे काकूंनीच शोधून काढलं. मी दोन-तीन तास सरांजवळ बसते आणि तेवढ्यात काकू बाहेर जाऊन येतात. सुरुवातीला बँक, वाणी, डोळ्यांचे डॉक्टर अशी कामं. गेल्या महिन्यात त्या बऱ्याच दिवसांनी दादरला दुपारच्या प्रयोगाला नाटक बघायला गेल्या. जाताना तीनदा विचारलं, जाऊ ना? मी सरांना पेपर वाचून दाखवला, चार वाजता चहा पाजला, रुमालाने हनुवटी पुसली. त्यांना झोप लागली तेव्हा मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत बसले.

काकू सहा वाजता आल्या. चप्पल काढता काढताच बोलायला लागल्या. सर जागे झाले होते. त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून काकूंनी नाटकाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्या अंकापासून, कोण आलं, कोण काय म्हणालं, नटीची साडी कुठल्या रंगाची होती. एका ठिकाणी सर हसले. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. नाटकात त्या वेळी कुणाचं तरी लग्न मोडत होतं. काकू क्षणभर थांबल्या, मग पुढे सांगू लागल्या. मी पेपरांचा गठ्ठा पिशवीत भरला, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले.